कच्ची पालेभाजी : निवडणे, धुणे व घोळणे
(इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी परिसर व आरोग्य विषयाचा कृतिपाठ)



हिवाळा सुरू झाला की आपल्या नाशिक जिल्ह्यात हिरव्या पाल्याची नुसती लयलूट असते. दिंडोरी, निफाड, सिन्नर, चांदवड या भागांतून मेथी, कोथिंबीर, शेपू व कांद्याची पात यांच्या जुड्या नाशिकच्या बाजार समितीत येतात आणि तेथून रातोरात मुंबईकडे रवाना होतात. आपला जिल्हा मुंबईची परसबाग म्हणून ओळखला जातो, तो उगाच नव्हे. आवक वाढून भाव कोसळला म्हणजे हाच पाला शेतकऱ्यास रस्त्याच्या कडेस टाकून द्यावा लागतो, हे दुःखद दृश्यही आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

असे असूनही, ज्या गावांतून हा पाला बाहेर जातो त्याच गावांतील आपल्या शाळेच्या पटावरील मुले पाहा. किती मुले फिकट दिसतात, प्रार्थनेस उभी राहिली की किती जणांस घेरी येते, हे वर्गशिक्षकास सांगावे लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी सुमारे ६७ बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. तीच बालके पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. यास्तव पालेभाजी हा विषय केवळ स्वयंपाकघराचा नसून शाळेचाही आहे.

पालेभाजी शिजवून खाण्याची रीत सर्वत्र आहेच. तथापि कच्चा पाला खाण्याचीही आपली जुनी रीत आहे. मालेगाव, बागलाण, कळवण, देवळा या भागांत मेथीचा, कांद्याच्या पातीचा किंवा हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचा घोळाणा बाजरीच्या भाकरीबरोबर आवडीने खातात. अन्यत्र त्यास पचडी किंवा कोशिंबीर म्हणतात. ही रीत चांगली आहे. मात्र तीत एक धोकाही दडलेला आहे. तो धोका ओळखून ही रीत मुलांस शास्त्रशुद्धपणे कशी शिकवावी, हे सांगण्यासाठी प्रस्तुत पाठ दिला आहे.

एक अनुभव

प्रथम माझीच एक चूक सांगतो. शिक्षक म्हणून रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मी डोंगराळ भागातील एका द्विशिक्षकी शाळेत होतो. पौषाचे दिवस होते. मुलांनी घरून मेथी व हरभऱ्याचा पाला आणला. आम्ही सर्वांनी मिळून तो शाळेमागील ओढ्यावर नेऊन धुतला, चिरला, तिखट-मीठ घालून घोळला आणि भाकरीबरोबर आनंदाने खाल्ला. कृतिपाठ उत्तम झाला असे मी त्या दिवशीच्या टाचणवहीत लिहूनही ठेवले.

तिसऱ्या दिवशी सात मुले गैरहजर राहिली. सर्वांस जुलाब लागले होते. एका मुलास तर बैलगाडीतून दवाखान्यात न्यावे लागले व दोन दिवस तेथेच ठेवावे लागले. मी भेटीस गेलो तेव्हा त्याची आजी उशाशी बसली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, पाला तर आम्ही रोजच खातो. पण तुम्ही तो ओढ्यात कशापायी धुतला? वरल्या अंगाला वाडी हाये, ठावं नव्हतं का?"

मला ते ठाऊक होते. वाडीतील माणसे पहाटे ओढ्याच्या काठीच बसत, हेही ठाऊक होते. परंतु ओढ्याचे पाणी काचेसारखे नितळ दिसत होते आणि मी दिसण्यावर विसंबलो. मुले त्या पाण्यानेच आजारी पडली असे दवाखान्यातून कोणी निश्चित सांगितले नाही. तरी मला स्वतःला शंका उरली नाही. मुलगा बरा होऊन शाळेत आला, हे माझे भाग्य.

यानंतर मी दुसरी चूक केली. पुढील कित्येक वर्षे मी मुलांस कच्चा पाला खाऊच नका असे सांगत राहिलो. मुले मान डोलावीत आणि घरी जाऊन, शेतात हिंडताना, पूर्वीप्रमाणेच पाला खात. माझ्या सांगण्याने त्यांचे खाणे थांबले नाही. फक्त धुण्याची योग्य रीत शिकण्याची संधी मात्र गेली. आजीने मला पाला सोडा असे सांगितले नव्हते, पाणी पाहा असे सांगितले होते. तिचे म्हणणे नीट समजण्यास मला फार वेळ लागला. आपणांस तो लागू नये, एवढीच इच्छा.

कच्चा पाला का खावा?

हिरव्या पानांत लोह, चुना, 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटक, 'क' जीवनसत्त्व व फॉलिक आम्ल ही द्रव्ये असतात. यांपैकी 'क' जीवनसत्त्व व फॉलिक आम्ल ही दोन्ही पाण्यात विरघळणारी व दीर्घकाळ उकळल्याने नाश पावणारी आहेत. भाजी खूप वेळ शिजविली आणि वरचे पाणी फेकून दिले तर या दोहोंचा मोठा अंश वाया जातो. कच्च्या पानात तो टिकतो.

फॉलिक आम्लाची हकीकत मुलांस अवश्य सांगावी, कारण तिचा प्रारंभ आपल्याच राज्यात झाला. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत पांडुरोगाचा एक गंभीर प्रकार आढळत असे. त्याचे कारण त्या शोधीत होत्या. तो जंतूंमुळे होत नसून आहारातील कोणत्यातरी उणिवेने होतो, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी दाखवून दिले व १९३१ साली ते प्रसिद्ध केले. ते अज्ञात द्रव्य कोणते, याचा शोध पुढे अनेकांनी घेतला. १९४१ साली अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले. लॅटिन भाषेत पानास 'फोलियम' म्हणतात. त्यावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव पडले. शाळेत आपण आठवड्यातून एकदा मुलांस जी गोळी देतो, लहानांस गुलाबी व मोठ्यांस निळी, तीत लोहाबरोबर हेच द्रव्य असते. पानाचे नाव धारण करणारी ही गोळी आहे, हे कळले म्हणजे मुले ती अधिक समजून घेतात.

येथे अतिशयोक्ती मात्र करू नये. पानांतील लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. त्यावर लिंबू पिळले तर ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटक अंगी लागण्यास थोडे तेल लागते. आपल्या घोळाण्यात कच्चे तेल व शेंगदाण्याचा कूट असतो आणि कोशिंबिरीत लिंबू असते; जुन्या रीतीत असे शहाणपण आहे. तरीही घोळाणा हे औषध नव्हे. तो गोळीची जागा घेऊ शकत नाही आणि भाजी-भाकरीचीही नाही. तो जेवणातील एक घास आहे, आणि तेवढेच त्याचे महत्त्व मुलांस सांगावे.

पानावर काय असते?

पान जमिनीलगत वाढते. त्यावर माती, किड्यांची अंडी, खताचे कण, फवारलेले औषध आणि डोळ्यांस न दिसणारे जंतू असू शकतात. शिजविताना उष्णतेने जंतू मरतात. कच्च्या पाल्यास ही अग्निपरीक्षा नसते. म्हणून त्याची सारी भिस्त निवडण्यावर व धुण्यावर असते.

मानवी विष्ठेचा अंश पाण्यातून किंवा मातीतून पानावर आला तर हगवण, विषमज्वर, पटकी यांचे जंतू व पोटातील जंतांची अंडी त्याबरोबर येतात. शाळेत फेब्रुवारी महिन्यात आपण जंतनाशक दिन पाळतो व अल्बेंडाझोलची गोळी देतो. २०१५ साली हा कार्यक्रम सुरू झाला व आता तो देशभर चालतो. गोळीने पोटातील जंत जातात. परंतु न धुतलेल्या पाल्यातून व न धुतलेल्या हातांतून ते पुन्हा येऊ शकतात, हा संबंध मुलांच्या ध्यानी आणून द्यावा.

याच ठिकाणी एका लोकसमजुतीचाही विचार करावा. कोबीत एक किडा असतो, तो मेंदूत शिरतो व माणसास फेफरे येते, असे आपण खेडोपाडी ऐकतो. त्यात सत्याचा अंश आहे, पण मांडणी चुकीची आहे. कोबीतील हिरवी अळी मेंदूत जात नाही. ज्या माणसाच्या आतड्यात डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी असतो, त्याच्या विष्ठेतून त्या कृमीची अंडी बाहेर पडतात. उघड्यावर शौचास बसल्याने ती माती-पाण्यात मिसळतात व कोबीच काय, कोणत्याही भाजीवर येऊ शकतात. ती पोटात गेली तर त्यांतून निघणाऱ्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात व तेथे गाठी होऊन आकडी येऊ लागते. म्हणजे दोष कोबीचा नाही. जो मांस खात नाही त्यासही हा रोग होऊ शकतो. शौचालयाचा वापर, साबणाने हात धुणे आणि भाजी धुणे, हे त्यावरील तीन अडसर होत. अशा रोग्यास कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे, हेही ओघाने सांगावे.

कोणता पाला कच्चा, कोणता शिजवून?

मुलांकडूनच गावातील पालेभाज्यांची नावे घ्यावीत व फळ्यावर दोन रकाने करावेत.

कच्च्या खाण्यास योग्य : मेथी, कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, मुळ्याचा कोवळा पाला, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, पानकोबी. घोळ नावाची भाजीही कच्ची खातात. परंतु ती जमिनीवर पसरत असल्याने तिच्या पेरांत माती फार साठते, हे लक्षात ठेवावे.

शिजवूनच खाव्यात : अळू, तांदुळजा व माठ, अंबाडी, चाकवत, शेवग्याचा पाला आणि पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या बहुतेक रानभाज्या. अळूच्या पानात सुईसारखे टोकदार सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशास टोचतात व खाज सुटते. म्हणून अळू चिंचेसारख्या आंबटाबरोबर चांगले शिजवितात. शेवळ्याचेही तसेच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागांतील मुलांस रानभाज्यांची माहिती आपणांहून अधिक असते. त्यांस बोलते करावे. परंतु "रानात उगवले म्हणून कच्चे खाल्ले" असे होऊ नये, हा नियम सर्वांनी मिळून ठरवावा.

पाठाची मांडणी

उद्दिष्टे : (१) पाला निवडण्याची, धुण्याची व कालविण्याची क्रमवार रीत मुलांस येणे. (२) स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही, हे प्रयोगाने पटणे. (३) मिठाचा व पाण्याचा पानावर होणारा परिणाम पाहणे. (४) मुलगे व मुली दोघांनीही हे काम आपले मानणे.

वेळ : लागोपाठच्या दोन तासिका. शक्यतो मध्यान्ह भोजनापूर्वीच्या घ्याव्यात, म्हणजे केलेला पदार्थ लगेच खाल्ला जाईल.

साहित्य : मेथी व कांद्याची पात यांच्या प्रत्येकी दोन ताज्या जुड्या, तीन पातेली किंवा घमेली, चाळणी, स्वच्छ धुतलेले फडके, काचेचे तीन पेले, विळी, पिण्याचे पाणी, साबण, शेंगदाण्याचा कूट, तेल, तिखट, मीठ, लिंबू.

प्रस्तावना : पुढील प्रश्न विचारावेत. सकाळी घरी कोणती भाजी होती? घोळाणा कोणी खाल्ला आहे? तो कोणी केला होता? करण्यापूर्वी पाल्याचे काय केले? धुतला असल्यास कोणत्या पाण्याने? या शेवटच्या प्रश्नास येणारी उत्तरे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत. पाठाच्या अखेरीस त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

पायरी पहिली, निवडणे. प्रथम सर्वांनी नखे पाहावीत व साबणाने हात धुवावेत. मग वर्तमानपत्र न पसरता स्वच्छ ताटात जुडी मोकळी करावी. छापील शाई अन्नास लागू देऊ नये. मुळे, पिवळी व सडकी पाने, जाड देठ काढून टाकावेत. जुडीत गवत व इतर तण येते. विशेषतः गाजरगवताचे कोवळे पान कोथिंबिरीत चटकन ओळखू येत नाही. ते अंगास लागले तरी कित्येकांस खाज येते. धोतऱ्यासारखे विषारी रोपही शेतातून पाल्याबरोबर येऊ शकते. म्हणून नियम असा सांगावा की, ज्या पानाचे नाव सांगता येत नाही ते पान ताटात राहू नये.

पायरी दुसरी, धुणे. पाला चिरण्यापूर्वी धुवावा. चिरल्यानंतर धुतला तर कापलेल्या कडांतून जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात व मळ आत शिरतो. पातेल्यात भरपूर पिण्याचे पाणी घेऊन पाला त्यात बुडवावा, पाने दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळावीत, कांद्याच्या पातीच्या नळ्या उकलून पाहाव्यात. नंतर पाला हातांनी वर उचलून दुसऱ्या पातेल्यात घ्यावा. पातेले उपडे करून पाणी ओतू नये. तसे केले की तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावरच येते. अशी तीन पाणी करावीत.

प्रयोग पहिला : प्रत्येक धुण्याचे पाणी काचेच्या पेल्यात भरून ओळीने ठेवावे व दहा मिनिटांनी तळ पाहावा. पहिल्यात मातीचा थर, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्यात जवळजवळ नाही, असे सामान्यतः दिसते. तिसऱ्या पाण्यातही माती दिसली तर चौथे पाणी घ्यावे.

याच वेळी गणिताचा संबंध जोडता येतो. समजा, ५ लिटर पाण्यात पाला धुतला व उचलताना पाल्याबरोबर अर्धा लिटर पाणी राहिले. म्हणजे पाण्यात मिसळलेल्या मळाचा दहावा भाग पाल्याबरोबर आला. दुसऱ्या पाण्यानंतर शंभरावा, तिसऱ्यानंतर हजारावा. एकदाच १५ लिटर पाणी वापरले असते तर तिसावा भाग उरला असता. तितकेच पाणी तीन वेळा वाटून वापरल्याने किती फरक पडतो, हे मुलांनी स्वतः मांडावे. टंचाईच्या गावांत हा हिशेब विशेष उपयोगी आहे. अर्थात पानास घट्ट चिकटलेला मळ या हिशेबात बसत नाही. त्यासाठीच चोळणे आवश्यक आहे. धुतलेले पाणी परसबागेत झाडांच्या बुंध्याशी घालावे.

प्रयोग दुसरा : दोन पेल्यांत पाणी घ्यावे. एकात मुलांच्या नकळत चिमूटभर मीठ विरघळवावे. दोन्ही पेले सारखेच नितळ दिसतात. कोणते शुद्ध, असे विचारावे. मुलांस सांगता येत नाही. मग एका मुलास चव घेऊ द्यावी. जे डोळ्यांस दिसले नाही ते जिभेस कळले. परंतु जंतू तर जिभेसही कळत नाहीत, हे सांगून ओढा, विहीर, टाकी व नळ यांच्या पाण्याची चर्चा करावी. गावच्या पाण्यात ग्रामपंचायतीचा कर्मचारी टीसीएल पावडर टाकतो व ओटी चाचणीने क्लोरीन तपासतो. ती चाचणी मुलांस प्रत्यक्ष दाखवावी. शाळेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आढळला नाही तर त्या दिवशी हा पाठ उकळून थंड केलेल्या पाण्याने घ्यावा, अथवा पुढे ढकलावा.

येथे मोठ्या मुलांस आणखी एक उदाहरण घालता येईल. कच्ची भाजी निर्जंतुक करण्यासाठी लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन असलेले पाणी काही मिनिटे वापरतात. १० लिटर पाण्यास ५०० मिलिग्रॅम क्लोरीन हवा. पावडरीत शेकडा २५ क्लोरीन असेल तर पावडर २ ग्रॅम लागेल. हे उदाहरण वहीत सोडवावयाचे आहे. प्रत्यक्षात पावडर हाताळणे आरोग्यसेवकाचे काम आहे, मुलांचे नव्हे. आणि असे पाणी वापरल्यास पाला पुन्हा पिण्याच्या पाण्याने धुवावा लागतो. शिवाय क्लोरीनने जंतांची अंडी मरत नाहीत. ती चोळून धुण्यानेच निघून जातात. मिठाच्या पाण्याने आळ्या सुटून येतात, पण जंतू मरतात असे समजू नये.

पायरी तिसरी, निथळणे. धुतलेला पाला चाळणीत ठेवून, मग फडक्यावर पसरून कोरडा करावा. ओला पाला लवकर सडतो व घोळाणा पाणचट होतो. फडके रोजच्या हातपुसण्याचे नसावे. नाहीतर धुण्याचे सारे श्रम वाया जातात.

पायरी चौथी, चिरणे. विळी व पाट आधी धुवावेत. चिरण्याचे काम शिक्षकांनी किंवा स्वयंपाकी ताईंनी करावे. मुलांनी पाने हातांनी खुडावीत. खाण्याची वेळ झाली म्हणजेच चिरावे. चिरलेला पाला दोन तासांहून अधिक काळ उघड्या हवेत ठेवू नये, कारण कापलेल्या कडांवर जंतू झपाट्याने वाढतात.

पायरी पाचवी, घोळणे. चिरलेल्या पाल्यात कूट, तेल, थोडे तिखट घालून हलक्या हाताने, शक्यतो चमच्याने घोळावे. लिंबू पिळावे. मीठ अगदी शेवटी घालावे. असे का, हे पुढील प्रयोगाने कळेल.

प्रयोग तिसरा : दोन वाट्यांत चिरलेली कोबी किंवा मेथी घ्यावी. एका वाटीत अर्धा चमचा मीठ घालून ढवळावे. पंधरा मिनिटांनी मीठ घातलेला पाला मलूल झालेला व वाटीत पाणी सुटलेले दिसते. पानाच्या पेशींतील पाणी मिठाने बाहेर ओढले. याउलट, सुकलेली पात थंड पाण्यात अर्धा तास उभी ठेवली तर ती पुन्हा ताठ होते. कारण पाणी पेशींत परत गेले. सातवीच्या मुलांस येथे परासरण ही संज्ञा द्यावी; लहानांस निरीक्षण पुरे. बाजारात विक्रेता जुड्यांवर वारंवार पाणी का शिंपडतो, हे आता मुलेच सांगतील. तो कोणते पाणी शिंपडतो, हा पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडून आला तर पाठ सफल झाला असे समजावे.

फलकलेखन

निवडा – धुवा (तीन पाणी) – निथळा – चिरा – घोळा – लगेच खा.
आधी धुवा, मग चिरा.
नितळ ते शुद्ध असतेच असे नाही.
नाव ठाऊक नाही ते पान खाऊ नये.
मीठ शेवटी.

मूल्यमापनाचे प्रश्न

१. पाला चिरण्यापूर्वी का धुवावा?
२. पाला पाण्यातून वर का उचलावा? पाणी ओतून का देऊ नये?
३. अळू कच्चे का खात नाहीत?
४. मेंदूतील किड्याविषयीची समजूत कोठे बरोबर व कोठे चूक?
५. घोळाण्यात तेल व लिंबू असण्याचा काय लाभ?

स्वाध्याय : घरी आई, आजी किंवा मामी कच्च्या पाल्याचा कोणता पदार्थ करतात, त्याचे नाव व कृती विचारून वहीत लिहिणे. घरचा पाला कोणत्या पाण्याने धुतला जातो ते पाहणे. घरच्यांची चूक काढण्यासाठी हे पाहावयाचे नाही, असे मुलांस बजावून सांगावे; फळ्यावरील तीन पेल्यांचा प्रयोग घरी करून दाखविला म्हणजे पुरे.

शिक्षकांस सूचना

(१) हा कृतिपाठ आहे. शालेय पोषण आहारात कच्चा पदार्थ रोज वाढावा असे येथे सुचविलेले नाही. भोजनाबाबत शासनाच्या सूचना पाळाव्यात. अन्न मुलांस वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहण्याचा नियम या घोळाण्यासही लावावा.

(२) कोणास शेंगदाणे सोसत नसतील, कोणाचे पोट बिघडले असेल, तर त्या मुलास आग्रह करू नये. उपवास व आवडनिवड यांचाही मान राखावा.

(३) परसबाग असलेल्या शाळांनी पाला तेथूनच घ्यावा. तेथे ताजे शेण न घालता पूर्ण कुजलेले खत घालावे, सांडपाणी सोडू नये व फवारणी टाळावी. बाजारच्या पाल्यावरील औषध काही अंशी धुण्याने जाते. पानाच्या आत भिनलेले जात नाही. फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये, हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. शेतकरी पालकांशी याविषयी बोलावे. त्यांचीच मुले तो पाला खातात.

(४) उरलेला घोळाणा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. तो खतखड्ड्यात टाकावा.

(५) एखाद्या मुलास जुलाब झाले तर क्षारसंजीवनीचे पाणी सुरू करून आरोग्य केंद्रास कळवावे. कृतिपाठाची गोष्ट लपवू नये. डॉक्टरांस खरे कारण कळणे, हे आपल्या नावलौकिकाहून मोठे आहे.

समारोप

पाठ संपताना फळ्याच्या कोपऱ्यातील उत्तरे पुन्हा वाचावीत. ओढ्याच्या, हौदाच्या, विहिरीच्या पाण्याने धुतो, असे ज्यांनी सांगितले होते त्यांस आता काय करावेसे वाटते, ते विचारावे. गावात शुद्ध पाणी दूरवरून आणावे लागत असेल तर मुले तसे स्पष्ट सांगतील. तेथे उपदेश करू नये. ती अडचण नोंदवून शाळा व्यवस्थापन समितीपुढे व ग्रामपंचायतीपुढे मांडावी. मुलास तीन पाणी सांगावयाचे आणि त्याच्या दाराशी एक घागरही नसावी, हे शिक्षणास शोभणारे नाही.

माझ्या त्या पहिल्या शाळेतील मुले आता तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांतील काहींची मुले आज आपल्याच शाळांत शिकत असतील. त्यांच्या ताटात हिरवे पान असावे आणि त्या पानावर फक्त पानच असावे, एवढ्यासाठी हा दोन तासिकांचा उद्योग आहे. प्रत्येक शाळेने या हिवाळ्यात तो एकदा करावा व मुलांनी लिहून आणलेल्या घरगुती कृतींपैकी चांगल्या कृती केंद्रप्रमुखांमार्फत आमच्याकडे पाठवाव्यात, अशी विनंती आहे.